नियमक, घड्याळातील

यांत्रिक घड्याळाच्या बॅलन्स चाकाची दोलने किंचित जलद वा मंद करून घड्याळाची चाल जुळवणारी रचना. कारागीर तिला ‘रेग्युलेटर’ म्हणतात. खिशातल्या व मनगटी घड्याळात काळ मोजण्याचे काम बॅलन्स आणि त्याला जोडलेली हेअरस्प्रिंग (केसासारखी बारीक कमान, म्हणजे स्प्रिंग) मिळून करतात. हेअरस्प्रिंगची कामात येणारी लांबी कमी केली की ती ताठर होते व घड्याळ पुढे धावते. लांबी वाढवली की मागे पडते.

हेअरस्प्रिंग येण्यापूर्वीच्या, सोळाव्या शतकातील काही जर्मन घड्याळांत बॅलन्सच्या आऱ्याला अडणारा डुकराचा राठ केस सरकवून चाल बदलत असत. हेअरस्प्रिंग प्रथम कोणाची, हा वाद जुना आहे. डच शास्त्रज्ञ क्रिस्तीआन हायगेन्स यांनी जानेवारी १६७५ मध्ये पॅरिसमध्ये सर्पिल कमानीची कल्पना मांडली, इझाक त्युरे या घड्याळजीकडून नमुना करवून घेतला व फेब्रुवारीत ती प्रसिद्ध केली. पुढे त्युरे यांनीही श्रेयात वाटा मागितला. झां द ओतफ्य यांनी आपल्या सरळ कमानीचा दाखला देत हायगेन्स यांच्या फ्रान्समधील एकाधिकाराला हरकत घेतली. लंडनमध्ये शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक यांनी ही कल्पना आपली असल्याचे सांगितले. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजासाठी घड्याळजी टॉमस टॉम्पियन यांनी घडवलेल्या घड्याळावर ‘हुक यांचा शोध, १६५८, टॉम्पियन यांची घडण, १६७५’ या अर्थाचा लॅटिन मजकूर होता. २००६ मध्ये उजेडात आलेल्या हुक यांच्या हस्तलिखितातील रॉयल सोसायटी या लंडनच्या विज्ञानसंस्थेच्या १६७० मधील सभेची नोंद त्यांच्या दाव्याला बळ देते. मात्र त्यांची कमान तेव्हा सर्पिल होती का, हे त्यावरून ठरत नाही. बॅलन्सला कमान जोडण्याची कल्पना हुक यांची व चालणारी सर्पिल रचना हायगेन्स यांची, असे मानणे उपलब्ध पुराव्याशी अधिक जुळते.

हेअरस्प्रिंगपाठोपाठ नियमक आला. नॅथॅनिएल बॅरो यांच्या रचनेत कमानीच्या सरळ टोकावर मळसूत्राने पिना सरकत. टॉम्पियन यांनी दातेरी वक्र पट्टी व अंकित तबकडी वापरली. दोन्ही बहुधा १६७५–८० च्या आसपासच्या असून बॅरो यांची थोडी आधीची असावी. आज सर्वत्र दिसणारा साधा काटा जोसेफ बॉस्ली यांच्या १७५५ च्या पेटंटमधला.

या काट्याच्या एका टोकाला दोन बारीक पिना (कर्ब पिना) असतात व हेअरस्प्रिंगचा बाहेरचा वेढा त्यांच्या मधून जातो. दुसरे टोक म्हणजे शेपटी. तिच्याजवळ इंग्रजी एफ-एस, फ्रेंच ए-आर (दोन्हींचा अर्थ जलद-मंद) किंवा अधिक-उणे खुणा असतात. हेअरस्प्रिंग १०० मिमी लांब धरली, तर दिवसाला १० सेकंदांचा फरक करायला पिना जेमतेम ०·०२३ मिमी सरकाव्या लागतात. आसापासून पिना ३ मिमी व शेपटीचे टोक ५ मिमी अंतरावर असेल, तर ते टोक सुमारे ०·०४ मिमी हलते. हाताला हे साधत नाही, म्हणून सूक्ष्म नियमक आले. हंसमान रचनेत वाकडी कमान शेपटीला स्क्रूवर दाबून धरते. स्क्रू फिरवला की शेपटी सरकते आणि मधला ढिलेपणा उरत नाही. या प्रकाराचा प्रसार अमेरिकेत १८६० च्या दशकानंतर झाला. १८९१ मधील ओहायोतल्या किप्टन येथील रेल्वे अपघातानंतर आलेल्या रेल्वे-घड्याळांच्या कसोटीत आठवड्याला ३० सेकंदांची मर्यादा होती व सूक्ष्म नियमकही अपेक्षित होता. एटाक्रॉन रचनेत पिनांचा गाळा व कमानीचे टोक धरणारा स्टड हे दोन्ही फिरवून जुळवता येतात. भारतात एचएमटीच्या चावीच्या मशिनींत साधाच काटा असे.

खरी मेख पिनांमधल्या अंतरात असते. बॅलन्स स्थिर असताना कमान दोन्ही पिनांच्या मध्यभागी हवी. फिरताना तिने दोन्हींना सारखेच टेकावे. अंतर जास्त असेल तर लहान झोक्यात (झोका म्हणजे बॅलन्स मध्यापासून एका बाजूला किती अंश फिरतो ते) कमान बराच वेळ कोणत्याच पिनेला टेकत नाही, कामातली लांबी वाढते व घड्याळ मागे पडते. घड्याळ उभे धरल्यावर झोका ३०–४० अंशांनी घटतो, म्हणून हा दोष तिथे उघड होतो. उलट पिना कमानीला चिमटत असतील तर काटा हलवताना वेढाच ओढला जातो व मध्य सोडतो. नियमक फक्त सरासरी चाल बदलतो. स्थितीनुसार पडणारा फरक काटा सरकवून जात नाही.

म्हणून काट्याला हात लावण्याआधी मशीन साफ व चुंबकमुक्त करून पूर्ण चावी देतात. टाइमग्राफरवर (टिकटिक ऐकून चाल मोजणाऱ्या यंत्रावर) आडव्या स्थितीत झोका २७०–३१० अंश व बीट-एरर (‘टिक’ व ‘टॉक’ यांच्या अंतरांतील फरक) ०·६ मिलिसेकंदाच्या आत पाहतात. बीट-एरर स्टड फिरवून काढतात, काट्याने नव्हे. त्यानंतर लाकडी काडीने शेपटी हलवून पुन्हा वाचन घेतात. घड्याळ रोज काही मिनिटे पुढे जात असेल, तर बहुधा चुंबकत्वाने वा तेलाने वेढे चिकटलेले असतात. तिथे काटा मागे ओढणे म्हणजे दोष झाकणे.

नियमकाशिवायच्या ‘फ्री-स्प्रंग’ बॅलन्समध्ये कमानीची लांबी कायम ठेवून बॅलन्सचे जडत्व बदलतात. पाटेक फिलिपच्या जायरोमॅक्समध्ये खाच असलेली वजने असतात. खाच बाहेर वळवली की वस्तुमान आत येते व घड्याळ पुढे जाते. रोलेक्सच्या मायक्रोस्टेला नटांनाही फिरवून बॅलन्सच्या मध्याकडे आणल्यास हाच परिणाम होतो. समोरासमोरची जोडी सारखीच फिरवावी, अन्यथा बॅलन्सचा समतोल बिघडून उभ्या स्थितींत चाल विस्कटते.