रॅपिड आणि ब्लिट्झ: क्लासिकल गेमला कुठलं मदत करतं, कुठलं बिघडवतं

बुद्धिबळात फास्ट खेळून क्लासिकल, म्हणजे भरपूर वेळाचा गेम बिघडतो का, हा वाद कुठल्याही टुर्नामेंटच्या हॉलबाहेर पालकांमध्ये चालूच असतो. गंमत म्हणजे दोघं बोलत असतात वेगवेगळ्या गोष्टींबद्दल, एकाच्या डोक्यात कमी वेळाचं रॅपिड असतं, दुसऱ्याच्या डोक्यात त्याहूनही झटपट ब्लिट्झ, आणि दोघंही त्याला नुसतं "फास्ट" म्हणतात. माझं मत आधीच सांगते: हे दोन फॉरमॅट क्लासिकलवर अगदी वेगळा परिणाम करतात आणि ते एका टोपलीत टाकल्यामुळेच लहान मुलांचं बरंच नुकसान होतं.

घोळ ऑनलाइन साइट्सनी आणखी वाढवलाय. १०+० म्हणजे प्रत्येकाला दहा मिनिटं आणि इन्क्रिमेंट (दर चालीला वाढून मिळणारे सेकंद) शून्य, हा गेम चेस डॉट कॉम आणि लिचेस दोन्हीकडे रॅपिडमध्ये मोजतात, पण फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या नियमात दहा मिनिटं किंवा त्याहून कमी म्हणजे ब्लिट्झ, रॅपिड सुरू होतं दहाच्या वर आणि संपतं साठच्या आत. त्यामुळे "माझा मुलगा रोज रॅपिड खेळतो" असं सांगणाऱ्याचा मुलगा फिडेच्या हिशोबाने बऱ्याचदा ब्लिट्झच खेळत असतो.

आता घड्याळाचा हिशोब, चाळीस चालींचा गेम धरून. आपल्याकडच्या बऱ्याच रेटिंग टुर्नामेंट्समध्ये ९०+३० असतं, तिथे एका चालीला सरासरी पावणेतीन मिनिटं मिळतात. वर्ल्ड रॅपिडच्या १५+१० मध्ये साधारण ३२ सेकंद. वर्ल्ड ब्लिट्झच्या ३+२ मध्ये साडेसहा सेकंद. आणि रॅपिडचे ते ३२ सेकंद सगळ्या चालींवर सारखे वाटायचे नसतात, ओपनिंगच्या दहा-बारा चाली पाठ असतील तर त्या पटापट होतात आणि मग मधे कुठेतरी दोन-तीनदा तुम्ही दोन-तीन मिनिटं नीट बसून विचार करू शकता. ब्लिट्झमध्ये एकदा दोन मिनिटं बसलात की गेम गेलाच. खरा फरक हाच आहे, रॅपिडमध्ये कॅल्क्युलेशनला थोडी तरी जागा आहे, ब्लिट्झमध्ये तुम्ही फक्त आधीच डोक्यात असलेलं बाहेर काढता.

उदाहरण घ्या, ते एच७ वरचं प्रसिद्ध बलिदान. पांढऱ्याचा उंट काळ्या राजाशेजारच्या एच७ घरातलं प्यादं मारतो, शह, राजा उंट घेतो, घोडा जी५ वर येऊन पुन्हा शह आणि मागे वजीर तयार. ब्लिट्झमध्ये हे हात जवळजवळ आपोआप खेळतो, आणि समोरचा गडबडतो म्हणून बरेचदा चालूनही जातं. पण राजाला तीन घरं असू शकतात ना! जी८ वर गेला तर वजीर एच५ वर आणायचा, मात्र त्याआधी काळ्याचा घोडा किंवा उंट एच७ चं घर सांभाळू शकतो का ते बघावं लागतं. एच६ वर आला तर घोडा हलला की सी१ चा उंट मागून उघडा शह देतो, पण मधला कर्ण मोकळा पाहिजे. आणि जी६ वर आला तर? तिथे वजीर जी४ की प्यादं एच४ की आणखी काही, हे पोझिशनप्रमाणे बदलतं आणि शेवटपर्यंत मोजल्याशिवाय कळतच नाही. क्लासिकलमध्ये समोरचा वीस मिनिटं बसतो, राजा जी६ वर आणतो, आणि तुमचा उंट फुकट गेलेला असतो. ब्लिट्झ जास्त खेळून जी सवय लागते ती हीच, "चालेल बहुतेक" म्हणून खेळायचं, आणि ब्लिट्झमध्ये या सवयीला बक्षीस मिळत राहतं त्यामुळे ती पक्की होते.

मग उत्तम खेळाडू ब्लिट्झमध्येही उत्तम कसे? ब्रूस बर्न्स या मानसशास्त्रज्ञाचा २००४ चा एक अभ्यास यासाठी नेहमी पुढे केला जातो, त्यात दिसलं की ब्लिट्झमधल्या कामगिरीवरून खेळाडूंच्या एकूण ताकदीतला ८१ टक्क्यांपर्यंत फरक समजावता येतो. पण याचा अर्थ इतकाच की तगड्या खेळाडूच्या डोक्यात पॅटर्न भरलेले असतात आणि ते पाच मिनिटांतही बाहेर येतात, ब्लिट्झ खेळून ते भरले असं त्यातून अजिबात निघत नाही. अमेरिकेच्या बॉबी फिशरने १९७० मध्ये युगोस्लाव्हियातल्या हर्सेग नोवीची ब्लिट्झ स्पर्धा २२ पैकी १९ गुणांनी मारली, पण त्यामागे किती वर्षांचा अभ्यास होता! उलट गुकेश डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला तेव्हाचा चॅम्पियन डिंग लिरेनला हरवून वर्ल्ड चॅम्पियन झाला तेव्हा त्याचं ब्लिट्झ रेटिंग क्लासिकलच्या बरंच खाली होतं.

तरी ब्लिट्झ टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही. नवीन ओपनिंग घेतलंय, समजा कॅरो-कान, तर ३+२ चे पंधरा-वीस गेम खेळल्यावर लोक कुठल्या कुठल्या विचित्र चाली टाकतात ते लगेच कळतं, फक्त प्रत्येक गेमनंतर आपण ओपनिंगच्या ठरलेल्या चालींबाहेर कधी गेलो तेवढं उघडून बघायचं. ते बघणार नसाल तर तो निव्वळ टाइमपास.

रॅपिडचा फायदा मात्र थेट आहे. ९०+३० मध्ये तिसाव्या चालीला घड्याळ संपत आलं की तुम्ही त्या तीस सेकंदांच्या इन्क्रिमेंटवरच जगता, म्हणजे १५+१० च्या सरासरीइतक्याच वेळात. तिथे न घाबरता ठीकठाक चाल काढायची प्रॅक्टिस रॅपिडमध्येच होते. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बटुमीला महिला वर्ल्ड कप जिंकला तोही असाच, कोनेरू हम्पीबरोबर दोन्ही क्लासिकल गेम ड्रॉ झाले आणि निकाल रॅपिड टायब्रेकमध्ये, म्हणजे बरोबरी फोडायच्या जादा गेममध्ये लागला. क्लासिकलची इतकी मोठी स्पर्धा, पण रॅपिड कच्चं असेल तर ट्रॉफी जाते.

रॅपिडमध्ये एक खड्डा आहे, तिथे चाली लिहायची सक्ती नसते. एक दिवसाच्या रॅपिड स्पर्धेतून मुलं सात-आठ गेम खेळून घरी येतात आणि एकही गेम हातात नसतो, मग कोचने तपासायचं काय? राउंड संपल्या संपल्या निदान पहिल्या वीस चाली आठवून वहीत उतरवा, लगेच बसलं की बऱ्यापैकी आठवतं.

रोज एकच तास मिळत असेल तर १५+१० चा एक गेम खेळा. तो चाळीस चाली चालला आणि दोघांनी सगळा वेळ वापरला तरी त्रेचाळीस-चव्वेचाळीस मिनिटांत होतो, उरलेल्या वेळात इंजिन (चाली तपासणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम) न लावता तोच गेम परत बघा, इंजिन अगदी शेवटी. ब्लिट्झ शनिवार-रविवारी. आणि क्लासिकल स्पर्धा चालू असेल तर रात्रीचं ब्लिट्झ आणि बुलेट (ब्लिट्झहूनही झटपट गेम) पूर्ण बंद, २०२२ च्या माद्रिद कँडिडेट्समध्ये, म्हणजे वर्ल्ड चॅम्पियनचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेत, अलीरेझा फिरोज्जा रात्रभर ऑनलाइन बुलेट खेळत बसला आणि दुसऱ्या दिवशी रशियाच्या नेपोम्नियाचीकडून हरला.