कासवासाठी जाळं कापलंत? मग भरपाईचा अर्ज करा

ऑलिव्ह रिडले कासव, व्हेल शार्क, डॉल्फिन, करवत मासा यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 चं संरक्षण आहे. त्यांना मारलं किंवा विकलं तर तीन ते सात वर्षं कैद होऊ शकते, हे किनाऱ्यावर बहुतेकांना ठाऊक असतं. पण अडकलेलं जनावर जिवंत सोडवताना जाळं कापावं लागलं, तर त्या जाळ्यासाठी राज्य शासन 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं, हेही प्रत्येक तांडेलाला, म्हणजे नौका चालवणाऱ्या प्रमुखाला, माहीत असायला हवं. वन विभागाचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग मिळून ही योजना राबवतात.

भरपाई नोंदणीकृत नौकेला मिळते. नौकेचं नोंदणी प्रमाणपत्र, महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम 1981 खालचा मासेमारी परवाना, आधार आणि बँक पासबुकाची प्रत आधीच एका पिशवीत काढून ठेवा. अर्ज बंदरावरच्या मत्स्यव्यवसाय परवाना अधिकाऱ्याकडे द्यायचा.

खरी मदार असते ती फोटोंवर किंवा व्हिडिओवर, आणि ते भर समुद्रातच काढावे लागतात. किनाऱ्यावर येऊन फाटकं जाळं दाखवलं, तर ते खडकाला लागून फाटलं की कासवामुळे, हे कोण ठरवणार? म्हणून दोघं-तिघं जनावर सोडवत असताना एका खलाशाने मोबाइल धरावा. जाळ्यात अडकलेलं जनावर, जाळं कापतानाचा क्षण आणि पाण्यात निघून जाणारं जनावर, हे सलग दिसू द्या. जमलं तर नौकेचा क्रमांकही चित्रात येऊ द्या. मोबाइलमधलं लोकेशन चालू ठेवा आणि कापलेलं जाळं टाकून देऊ नका.

फोटोसाठी जनावराला ताटकळत मात्र ठेवू नका. कासवाला श्वासासाठी वर यावंच लागतं, जाळ्यात जास्त वेळ राहिलं तर ते बुडून मरतं. बाहेर काढलेलं कासव निपचित असलं तरी मेलं असं समजून फेकू नका. पोट खाली, मागची बाजू थोडी उंच, अंगावर ओलं फडकं, असं सावलीत ठेवलं तर काही तासांनीही ते हालचाल करू लागतं. जखमी असेल तर वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. डहाणूला अशा कासवांवर उपचार होतात.

अर्ज दिल्यावर पोच घ्यायला विसरू नका.