गस्तीच्या नोंदी आणि शिकार प्रतिबंध

संरक्षित जंगलात गस्त घालताना वनरक्षकाला जे दिसते ते जागेवरच मोबाइलमध्ये नोंदवायचे, सगळ्या नोंदी नकाशावर एकत्र आणायच्या आणि त्यावरून चोरट्या शिकारीचा धोका ओळखून पुढची गस्त ठरवायची, अशी ही पद्धत आहे. भारतातील व्याघ्र प्रकल्पांत त्यासाठी ‘एम-स्ट्राइप्स’ ही प्रणाली आहे. आफ्रिका आणि आग्नेय आशियातील अनेक देशांत ‘स्मार्ट’ हे याच कामाचे सॉफ्टवेअर वापरतात.

या पद्धतीचे मूळ दक्षिण आफ्रिकेत सापडते. तिथले कसलेले माग काढणारे नुसत्या ठशावरून जनावराचा सगळा वावर सांगत, पण त्यांतल्या अनेकांना लिहिता-वाचता येत नव्हते. लुई लिबेनबर्ग यांनी १९९०च्या दशकात त्यांच्यासाठी ‘सायबरट्रॅकर’ हे नोंदीचे सॉफ्टवेअर तयार केले. त्यात अक्षरांऐवजी चित्रे होती, चित्र निवडले की नोंद होई. पुढे वन्यजीव संस्थांनी एकत्र येऊन २०११मध्ये ‘स्मार्ट’ आणले.

भारतात निकड निर्माण झाली ती सरिस्कामुळे. राजस्थानातील या व्याघ्र प्रकल्पात एकही वाघ उरला नसल्याचे २००५च्या सुरुवातीला उघड झाले. कागदावर मात्र वाघ होते. शिकारी टोळ्या येऊन गेल्या तरी नोंदवह्यांतून कुणाला सुगावा लागला नव्हता. त्यानंतर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण स्थापन झाले. प्राधिकरणाने डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेसह २०१०मध्ये एम-स्ट्राइप्स सुरू केली.

वनरक्षक बीटवर, म्हणजे त्याला नेमून दिलेल्या जंगलाच्या भागात, निघताना ॲप सुरू करतो आणि चाललेली वाट आपोआप आखली जाते. पाणवठ्याकडे जाणाऱ्या पायवाटेवर तारेचा फास दिसला, तर तो प्रकार निवडतो, फोटो काढतो आणि फास ताजा की जुना ते नोंदवतो. जागा आणि वेळ जीपीएसवरून येते. पगमार्क (पावलांचे ठसे), विष्ठा, तोडलेले झाड, विझलेली चूल, अनोळखी माणसांचा माग यांचीही अशीच नोंद होते. आत नेटवर्क नसते, म्हणून माहिती फोनमध्येच साठते आणि परिक्षेत्र कार्यालयात आल्यावर वर चढवली जाते.

खरी पारख इथून पुढे लागते. नकाशावर फासांचे ठिपके दाटीने दिसले की शिकार तिथेच जास्त, असा निष्कर्ष काढणे घातक आहे. गस्त जिथे जास्त तिथे फासही जास्त सापडणारच. म्हणून सापडलेल्या फासांचा हिशेब चाललेल्या किलोमीटरच्या प्रमाणात मांडावा लागतो. आणि नकाशावर ज्या भागात गस्तीची रेषाच नाही, तो भाग सुरक्षित नव्हे, न पाहिलेला असतो. पावसाळ्यात रस्ते बंद होऊन जिप्सी थांबतात, तेव्हा असे कोरे पट्टे वाढतात. शिकारी नेमका तोच काळ साधतात, त्यामुळे व्याघ्र प्रकल्पांत पावसाळी पायी गस्तीवर विशेष भर असतो. किलोमीटरचे उद्दिष्ट पुरे करायला सोप्या वाटांवर फेऱ्या मारल्या गेल्या, तर आकडा फुगतो आणि जंगल उघडेच राहते. अधिकाऱ्याने एकूण अंतरापेक्षा कोरे पट्टे आधी पाहिले पाहिजेत.

जुन्या नोंदींवरून पुढचा अंदाज बांधण्याचेही प्रयत्न झाले आहेत. संगणकशास्त्रज्ञ मिलिंद तांबे आणि सहकाऱ्यांच्या ‘पॉज’ या संगणकीय प्रणालीने फास कुठे लागण्याची शक्यता आहे ते वर्तवले. तिच्या प्रत्यक्ष चाचण्या युगांडा आणि कंबोडियातील जंगलांत झाल्या. ठरलेली वेळ आणि ठरलेली वाट शिकाऱ्याला लगेच कळते, म्हणून गस्त अनपेक्षित ठेवणे हा त्यामागचा एक विचार. कंबोडिया, लाओस आणि व्हिएतनाममधील संरक्षित क्षेत्रांत मिळून सुमारे १ कोटी २० लाख फास असल्याचा अंदाज डब्ल्यूडब्ल्यूएफ या वन्यजीव संस्थेने २०२०मध्ये मांडला होता. तेवढ्या पसाऱ्यात माणसे नेमकी कुठे पाठवायची, हा मूळ प्रश्न आहे.

गस्तीच्या नोंदी जंगलाच्या हद्दीपर्यंतच पोहोचतात. मेळघाटात २०१३मध्ये वाघांच्या शिकारीची प्रकरणे उघडकीस आली. अशा टोळ्या लोखंडी सापळे लावून काम उरकतात आणि कातडी-हाडे राज्याबाहेर नेतात. त्यांचा माग बीटच्या नकाशावर उमटत नाही. त्यासाठी मोबाइलचे कॉल तपशील, खबऱ्यांची माहिती आणि न्यायालयात टिकेल असा तपास लागतो. मेळघाटने या कामासाठी स्वतःचा सायबर कक्ष उभा केला.