१०४ हा आकडा आला कुठून? नवशिक्या मणीकाराच्या यादीमागची पार्श्वभूमी

काचेचे मणी ज्योतीवर करायला शिकणाऱ्याच्या हातात आज जी यादी पडते, ती पुण्यात असो की अमेरिकेत, थोडीफार सारखीच असते. टेबलाच्या कडेला घट्ट बसवलेला छोटा बर्नर, स्टेनलेस स्टीलच्या बारीक सळया, त्यांना लावायचा मातीचा लेप, काचेतल्या सोडियमचा पिवळा झगमगाट अडवणारा चष्मा, विजेची भट्टी आणि ‘१०४’च्या काचेच्या कांड्या. ‘हजारो वर्षांची परंपरा’ असे म्हणून ही यादी पुढे केली जाते. ज्योत आणि काच जुनी आहे, याबद्दल वाद नाही. यादी मात्र आजच्या रूपात १९८० नंतरच्या पंचवीसेक वर्षांत जमली, आणि तिच्यातल्या निम्म्या गोष्टी कारागिरीपेक्षा आयातदारांच्या सोयीने ठरल्या.

भारतातली जुनी पद्धत या यादीत कुठेच बसत नाही. पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडूला दोन हजार वर्षांपूर्वी मणी व्हायचे ते ओढून. त्याच कुळातली पद्धत आंध्रातल्या पापानायडूपेटला विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालू होती. ‘लाडा’ नावाच्या लांब पोकळ लोखंडी नळीवर वितळलेल्या काचेचा मोठा शंकू चढवायचा, भट्टीच्या तोंडाशी धरून त्यातून बारीक पोकळ नळी सतत ओढत राहायची, ती थंड झाली की तिचे बारीक तुकडे पाडायचे आणि ते राखेत घोळवून पुन्हा तापवायचे, म्हणजे कडा गोल होतात. हे अनेक हातांचे, मोठ्या भट्टीचे काम. घरच्या टेबलावर एकट्याने करायचे नव्हेच. महाराष्ट्रात तेर, पैठण, नेवासे इथल्या उत्खननांत काचेचे मणी मिळाले आहेत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीला १९४५-४६ मध्ये बहमनी काळातल्या रंगीत काचेच्या बांगड्याही सापडल्या. पण अलीकडच्या काळात आपल्या बहुतेक गावांत मणी ओवणारा पटवेकरी असे आणि बांगड्या भरणारा कासार असे. मणी करणारा क्वचितच. मंगळसूत्रातला काळा मणी कुठे आणि कसा होतो, हे रोज गळ्यात घालणाऱ्यांनाही ठाऊक नसे.

ज्योतीवरच्या मण्याचा धागा व्हेनिसकडे जातो. तिथल्या भट्ट्या १२९१ मध्ये मुरानो बेटावर हलवल्या गेल्या, हे सगळे सांगतात. मणी करणाऱ्यांच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे आहे ते नंतरचे: कारखान्यात तयार झालेली कांडी बाहेर नेऊन, तेलाच्या किंवा चरबीच्या दिव्यावर पायभात्याने वारा मारून, एकट्याने मणी वळवण्याची रीत. भट्टी सांभाळण्याची गरज उरली नाही, म्हणून हे काम घराघरांत, बऱ्याच अंशी बायकांच्या हातांत गेले. मणी तांब्याच्या तारेवर वळायचा आणि शेवटी तार आम्लात विरघळवायची, की भोक तयार. घरच्या हौशी माणसाने आज हे करू नये, आणि करतही नाही. डिसेंबर २०२० मध्ये इटली आणि फ्रान्स या दोन देशांतल्या काचमण्यांच्या कलेला जागतिक अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली. आपल्याकडे बनारसच्या काचमण्यांना भौगोलिक मानांकन आहे. ज्योतीवर मणी वळण्याचा तिथला धंदा विसाव्या शतकात वाढला, आणि त्यातला बराच माल निर्यातीसाठीच होतो.

हौशी मणीकामाची खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या टोलिडो शहरात एका संग्रहालयाच्या आवारात छोट्या भट्टीचे प्रयोग झाले आणि काचकाम कारखान्यातून एकेकट्या कलाकाराच्या खोलीत येऊ शकते हे दिसले. त्या चळवळीत मान होता तो फुंकून केलेल्या भांड्यांना. मणी म्हणजे किरकोळ काम, असाच बहुतेकांचा सूर. मण्यांकडे लक्ष वळले ते संग्राहकांमुळे. साठच्या दशकाच्या शेवटी आफ्रिकेच्या व्यापारातले जुने व्हेनेशियन मणी अमेरिकेच्या बाजारात येऊ लागले, लोक ते जमवू लागले, आणि त्यातल्याच काहींना ते करून बघावेसे वाटले. शिकवायला कोणी नव्हते. मग जो तो जुना मणी फोडून, भिंगाखाली धरून, थर मोजत बसला. १९९३ मध्ये या मंडळींची संघटना झाली, वर्षाकाठी संमेलने सुरू झाली, आणि तोवर ज्याने त्याने आपल्यापुरती शोधलेली युक्ती सगळ्यांची झाली. तांब्याची तार आणि आम्ल गेले, लेप लावलेली स्टीलची सळई आली. मणी थंड झाला की पाण्यात बुडवून पिळायचा, लेप सुटतो आणि मणी हातात येतो.

बर्नरचेही तसेच. सुरुवातीला स्वस्त पडे तो पिवळ्या डब्यातल्या मॅप गॅसवर थेट बसवायचा, ऑक्सिजन न लागणारा बर्नर. २००८ मध्ये उत्तर अमेरिकेतले या गॅसचे शेवटचे उत्पादन बंद झाले. आता जवळपास त्याच नावाने मिळणाऱ्या डब्यात मुख्यतः प्रोपिलीन असतो आणि त्याची ज्योत जरा थंड. म्हणून त्या काळातल्या पुस्तकांतले ‘इतक्या वेळात काच मऊ होते’ वगैरे आकडे आज जुळत नाहीत. आपल्याकडे एलपीजी आणि ऑक्सिजन हीच जोडी व्यवहार्य आहे. तीही १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरवर नाही, कारण तो फक्त स्वयंपाकासाठी असतो. व्यावसायिक जोडणी घ्यावी लागते. ऑक्सिजनसाठी हौशी लोक दवाखान्यातला कॉन्सन्ट्रेटर वापरतात. एप्रिल २०२१ मध्ये औद्योगिक ऑक्सिजनचा पुरवठा रोखला गेला तेव्हा सिलिंडरवाल्यांचे काम थांबले आणि कॉन्सन्ट्रेटर तर रुग्णांनाच मिळेना. त्या दिवसांत मण्यांसाठी तो मागणे कोणालाही शोभले नसते.

आता तो आकडा. कांडीच्या गठ्ठ्यावर १०४ लिहिलेले असते, दुसऱ्या काचेवर ९६, तिसरीवर ९०, आणि उष्णता सोसणाऱ्या बोरोसिलिकेटवर ३३. नवशिक्याला पहिल्याच दिवशी बजावतात: ‘आकडे मिसळू नकोस.’ सल्ला चुकीचा नाही, पण त्यामागे जे कारण सांगितले जाते ते अर्धेच खरे आहे.

आकडा आहे प्रसरणाचा. काच एक अंश सेल्सिअसने तापली की तिची लांबी दर कोटीला किती वाढते, ते तो सांगतो. १०४ ची एक मीटर लांब कांडी शंभर अंशांनी तापली तर साधारण एक मिलिमीटर वाढते, बोरोसिलिकेटची त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकीच, आणि खिडकीच्या साध्या काचेचा आकडा ८५ ते ९० च्या घरात असतो. एका मण्यात १०४ आणि ३३ एकत्र आले, तर थंड होताना एक जास्त आकसते, दुसरी कमी, आणि जोडावर ताण बसतो. मणी भट्टीतून धड निघतो आणि आठवड्याने डबीत तडकलेला सापडतो. इथपर्यंत सगळे ठीक.

गुंता पुढे आहे. हा आकडा म्हणजे साधारण २० ते ३०० अंशांमधली सरासरी. मण्यातल्या दोन काचा एकमेकींना धरून ताण साठवायला लागतात ते त्याच्या बऱ्याच वर, ५०० अंशांच्या आसपास, जिथे काच धड पातळही नसते आणि पुरती घट्टही नसते. त्या पट्ट्यात प्रसरण एकसारखे राहत नाही. शिवाय कोणती काच आधी घट्ट होते हे तिच्या चिकटपणावर ठरते, आणि चिकटपणाबद्दल हा आकडा अवाक्षर काढत नाही. म्हणजे दोन काचांचा आकडा तंतोतंत एक असून त्या जुळणार नाहीत, असे होऊ शकते. उलट आकड्यात फरक असूनही जुळतील, असेही होते. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या एका काच कारखान्याने १९८० च्या आसपास ‘तपासून जुळवलेली’ काच विकायला सुरुवात केली, ती आकड्यावर नव्हे तर चाचणीवर. रंगीत तुकडा पारदर्शक काचेवर वितळवायचा, हळूहळू थंड करायचा आणि दोन पोलरॉइड फिल्टरांमध्ये धरून बघायचे. तुकड्याभोवती उजेडाचे कडे दिसले तर ताण आहे. कडे जितके उजळ, तितका ताण जास्त. त्या कारखान्याने ‘आकडा म्हणजे जुळणी नव्हे’ असे वर्षानुवर्षे सांगितले. बाजाराने त्याच्या मालाला तरीही ‘९०’ हेच नाव पाडले आणि इतरांचा मालही त्या नावाखाली शेजारी मांडला.

बुटाच्या नंबरासारखेच झाले: एका कंपनीचा आठ नंबर बरोबर बसतो, दुसरीचा आठ चावतो. मुरानोहून येणाऱ्या कांड्यांना १०४ म्हणत, कारण ती त्या काचेची जुनी प्रकृती. सोडा जास्त, म्हणून लवकर मऊ होणारी आणि बराच वेळ वळवता येणारी. नव्वदच्या दशकात एवढे रंग, अशा तयार कांड्यांत, छोट्या बर्नरवर वितळतील असे दुसरीकडून सहज मिळत नव्हते. म्हणून अमेरिकन आयातदारांनी त्याच आणल्या आणि शिकवणाऱ्यांनी त्याच शिकवल्या. पुढे जर्मनी आणि चीनमधल्या उत्पादकांना या गिऱ्हाइकापर्यंत पोचायचे तर आपल्या मालावर १०४ लिहिणे भाग होते. एका काचेचे वर्णन होते, ते सबंध बाजाराचे नाव होऊन बसले. माझ्या मते विक्रेत्यांनी ही गल्लत मिटवण्याची फारशी धडपड केली नाही. आकडा लिहिणे सोपे, चाचणी करणे महागाचे.

२०१६ मध्ये याची परीक्षाच झाली. फेब्रुवारीत ओरेगनमधल्याच पोर्टलंड शहरातल्या झाडांवरच्या शेवाळात कॅडमियम आणि आर्सेनिक आढळल्याचे जाहीर झाले आणि रंगीत काचेच्या कारखान्यांवर नजर गेली. लाल-पिवळ्या छटांसाठी कॅडमियम लागते, त्यामुळे काही रंग काही काळ मिळेनासे झाले. त्याच वर्षी वॉशिंग्टन राज्यातला, ‘९६’ची काच करणारा मोठा कारखाना बंद पडला. त्याच्या काचेच्या मिश्रणांची सूत्रे दुसऱ्या एका कंपनीने घेतली आणि भट्टी वेगळ्या ठिकाणी पेटली. नुसता आकडा पुरेसा असता तर नव्या मालाबद्दल कोणी चिंता करायचे कारण नव्हते. प्रत्यक्षात तो जुन्या मालाशी पुन्हा पारखून घ्यावा लागला.

भट्टीबद्दल थोडक्यात, कारण तिथेही हाच घोटाळा होतो. १०४ चा मणी ५०० ते ५२० अंशांवर काही वेळ ठेवून सावकाश उतरवायचा, याला ॲनीलिंग म्हणतात. पूर्वी हौशी लोक मणी गरम व्हर्मिक्युलाइटमध्ये (उष्णता धरून ठेवणारे दाणेदार खनिज) किंवा उष्णतारोधक तंतूंच्या घडीत खुपसत आणि त्यावर समाधान मानत. तसे केलेले मणी विकावेत की नाही, यावर कडाक्याचे वाद झाले. पुढे नियंत्रक बसवलेल्या छोट्या भट्ट्या आवाक्यात आल्या आणि वाद आपोआप निवला. मात्र ॲनीलिंगने निघतो तो असमान थंड होण्यामुळे आलेला ताण. न जुळणाऱ्या दोन काचांमधला ताण रात्रभर भट्टीत ठेवूनही जात नाही. ‘भट्टीत ठेवला होता तरी तडकला’ या तक्रारीचे मूळ बऱ्याचदा इथे असते.

जुळणी घरी तपासायची एक जुनी रीत आहे आणि तिला कुठलेच यंत्र लागत नाही. दोन कांड्यांची टोके ज्योतीत शेजारीशेजारी चिकटवायची, मिसळू द्यायची नाहीत. गोळा पुरता मऊ झाला की ज्योतीबाहेर आणून चिमट्याने बारीक तार ओढायची, अशी की तारेची एक बाजू एका काचेची आणि दुसरी बाजू दुसरीची राहील. हातभर तार थंड होऊ द्यायची. सरळ राहिली तर जोडी साधारण जुळते. धनुष्यासारखी वाकली तर आतल्या बाजूची काच जास्त आकसली. १०४ लिहिलेल्या दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या कांड्यांचीही तार कधीकधी बाक घेते. थोडा बाक असला तर वर बारीक ठिपका देऊन भागते, पण त्या रंगावर पारदर्शक काचेचा जाड थर चढवू नये.

आपल्याकडे या रीतीची गरज जास्त आहे, कारण सहज हाती येणारी काच म्हणजे फिरोजाबादची बांगडी. तिथले कारखाने ३० डिसेंबर १९९६ च्या न्यायालयीन निकालानंतर कोळशावरून नैसर्गिक वायूवर गेले, रंगांची विविधता अफाट आहे, पण बांगडीवर कोणताच आकडा नसतो. फुटक्या बांगड्या फुकट मिळतात, हात बसवायला उत्तम. फक्त त्यांचा मणी त्यांच्यातच करावा, आयात कांडीचा ठिपकाही त्यावर तार ओढून बघितल्याशिवाय देऊ नये. दोन वेगळ्या रंगांच्या बांगड्याही आधी अशाच तपासाव्यात. आणि चमकी किंवा लाख चिकटवलेल्या बांगड्या आधीच बाजूला काढाव्यात, ज्योतीत त्यांचा धूर होतो आणि काच मळकट होते.