सरावाचा एईडी: शॉकच्या आधीचे आणि नंतरचे सेकंद

एईडी म्हणजे हृदयक्रिया अचानक बंद पडलेल्या माणसाला छातीवर चिकटवलेल्या दोन पॅडमधून विजेचा शॉक देणारे यंत्र. त्याचा शिकवण्यासाठीचा नमुना, म्हणजे सरावाचा एईडी, टेबलावर ठेवला तर खऱ्या यंत्रापासून वेगळा ओळखणे अवघड असते. तशीच पेटी, तसेच लुकलुकणारे शॉकचे बटण, तसाच शांत आवाजात सूचना देणारा स्पीकर. आत मात्र विजेचा साठा करणारा कपॅसिटर नसतो आणि हृदयाचा आलेख वाचणारी यंत्रणाही नसते. बहुतेक मॉडेल साध्या पेन्सिल सेलवर चालतात. पॅड सरावाच्या, माणसाच्या आकाराच्या पुतळ्याच्या छातीवर लावलेत की टेबलाच्या फळीवर, हे त्यांतल्या अनेकांना कळतही नाही. यंत्र ‘शॉक देणे आवश्यक’ म्हणते, कारण प्रशिक्षकाने रिमोटवर तो प्रसंग निवडलेला असतो. म्हणजे खऱ्या यंत्राची हुशारी यात नाही, आहे तो फक्त सूचनांचा क्रम. चुका पकडण्याचे काम प्रशिक्षकाच्या डोळ्यांना करावे लागते, आणि नेमके तेच अनेक वर्गांत राहून जाते.

खरे यंत्र काय करते ते आधी पाहू. हृदयक्रिया अचानक बंद पडते तेव्हा अनेकदा सुरुवातीला हृदय पूर्ण थांबलेले नसते. खालच्या कप्प्यांचे स्नायू विस्कळीतपणे थरथरत असतात, ज्याला व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात. हालचाल असते, पण रक्त पुढे ढकलले जात नाही. काही सेकंदांत माणूस बेशुद्ध पडतो. (हार्ट अटॅक ही वेगळी गोष्ट: त्यात हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा येतो, माणूस बहुधा शुद्धीवर असतो आणि एईडीच्या शॉकची गरज नसते. त्यातून हृदय बंद पडू शकते, हे मात्र खरे.) एईडी प्रथम दोन पॅडमधून अगदी सूक्ष्म प्रवाह सोडून छातीचा विद्युतरोध मोजतो. मोठ्या माणसात तो साधारण ७० ते ८० ओहमच्या आसपास असतो. पॅड नीट चिकटले नसतील तर हा आकडा फार वाढतो आणि यंत्र ‘पॅड तपासा’ असे सांगते. मग ते हृदयाचा आलेख वाचते. थरथर किंवा खालच्या कप्प्यांची अतिवेगवान लय दिसली तरच कपॅसिटर भरतो. बहुतेक यंत्रे मोठ्या माणसाला १२० ते २०० ज्यूल ऊर्जा देतात, काही त्याहून जास्त. ती काही मिलिसेकंदांत छातीतून जाते. थरथरणारे स्नायू एकदम शांत होतात आणि हृदयाच्या स्वतःच्या पेसमेकरला, म्हणजे ठोक्यांची लय ठरवणाऱ्या पेशींना, लय पुन्हा धरण्याची संधी मिळते.

शॉक आणि छातीदाब वर्गात अनेकदा दोन वेगळे धडे म्हणून शिकवले जातात. सकाळी सीपीआर (छाती दाबणे आणि श्वास देणे), दुपारी एईडी. इतिहास मात्र उलट सांगतो. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम कौवेनहोवेन आणि गाय निकरबॉकर हे संशोधक डिफिब्रिलेटरवर, म्हणजे हृदयाला शॉक देणाऱ्या यंत्रावरच काम करत होते. कुत्र्याच्या छातीवर इलेक्ट्रोड जोराने दाबले की रक्तदाब किंचित वर जातो, हे त्यांच्या लक्षात आले. त्यातूनच शल्यचिकित्सक जेम्स ज्यूड यांच्यासह १९६० साली छाती न उघडता बाहेरून दाब देण्याची पद्धत प्रसिद्ध झाली. शॉक कसा द्यावा हे शोधताना दाब सापडला. त्यामुळे सरावातही दोन्ही पहिल्यापासून एकत्रच घेतलेले बरे.

वेळेचे गणित कडक आहे. थरथर सुरू झाल्यावर शॉक लांबला आणि सीपीआरही मिळाला नाही, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. कुणी छाती दाबत असेल तर ही घट मिनिटाला ३ ते ४ टक्क्यांवर येते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात कॅसिनोतल्या सुरक्षारक्षकांना एईडी शिकवला होता. तिथे जागोजागी कॅमेरे असल्याने माणूस कोसळल्याची वेळ बहुतेकदा नेमकी कळत होती. माणूस इतरांसमोर कोसळला, हृदयात थरथर होती आणि पहिला शॉक ३ मिनिटांच्या आत मिळाला, अशांपैकी ७४ टक्के वाचले. ३ मिनिटांनंतर शॉक मिळालेल्यांत ४९ टक्के. शॉक देणारे डॉक्टर नव्हते, शिकवलेले पहारेकरी होते.

आता वर्ग कसा मांडायचा. एका पुतळ्यामागे दोन किंवा तीन जण पुरेत. पुतळ्याला शर्ट घातलेला हवा. उघड्या छातीवर सराव केला तर कपडे बाजूला करायला किती वेळ जातो ते कधीच कळत नाही. सोबत कात्री, कोरडा टॉवेल, रेझर, श्वास देण्याचा मास्क आणि स्टॉपवॉच. एईडी पुतळ्याशेजारी उघडून ठेवू नये. तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला, झाकण बंद, पॅड पाकिटात असा असावा.

पहिला शिकणारा जागा सुरक्षित आहे का ते बघतो, खांदे हलवून हाक मारतो आणि जास्तीत जास्त १० सेकंद श्वास पाहतो. इथे आचक्यांची गोष्ट सांगायलाच हवी. हृदय बंद पडल्यावर पहिली काही मिनिटे अनेकांना अधूनमधून आचके येतात, तोंड उघडते, घरघर होते. ‘श्वास चालू आहे’ समजून लोक थांबतात आणि एईडी पेटीतच राहतो. आचके म्हणजे श्वास नव्हे. पुतळा आचके देत नाही, म्हणून प्रशिक्षकाने तसा आवाज स्वतः काढून दाखवावा; थोडे हसे होते, पण लक्षात राहते. मग आपत्कालीन सेवेला फोन, तोही स्पीकरवर, एकाला एईडी आणायला पाठवायचे आणि लगेच दाब सुरू: छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर, ५ ते ६ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या गतीने, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ देऊन. श्वास देता येत असेल तर ३० दाबांमागे २ श्वास. येत नसेल तर नुसते दाब.

एईडी आला की पहिले काम म्हणजे तो चालू करणे. काही यंत्रे झाकण उघडताच सुरू होतात, काहींना बटण असते. नवखे लोक आधी पॅडचे पाकीट फोडतात, चित्रे वाचतात आणि यंत्र गप्प का म्हणून गोंधळतात. चालू केले की पुढचे तेच सांगते. आणि या सगळ्या वेळेत दाबणाऱ्याने थांबायचे नाही. एईडी खोलीत आला की दाबणारा मान वळवून बघतो आणि त्याचे हात सुटतात, ही सरावातली सर्वांत नेहमीची चूक.

पॅडची जागा हा या सगळ्यात नीट पाहण्यासारखा भाग आहे. एक पॅड रुग्णाच्या उजव्या बाजूला, गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या लगेच खाली, मधल्या हाडाच्या कडेला. दुसरा डाव्या काखेखाली, बरगड्यांच्या बाजूवर. हा दुसरा पॅड हमखास चुकतो. तो काखेखाली न जाता समोर स्तनाग्राच्या जवळपास लागतो, कारण शिकणारा वरून वाकून बघतो आणि छातीची कड त्याला दिसत नाही. पॅड पुढे सरकला की दोन पॅडमधला विजेचा मार्ग छातीच्या पुढच्या भागातूनच जातो आणि हृदयाच्या स्नायूचा बराच भाग निसटतो. खरे यंत्रही हे ओळखू शकत नाही, कारण विद्युतरोध ठीकच असतो. सरावाचे यंत्र तर चुकीच्या पॅडलाही मुकाट्याने ‘शॉक दिला’ म्हणते. म्हणून प्रत्येक फेरीनंतर प्रशिक्षकाने पुतळ्याच्या डाव्या बाजूला गुडघे टेकून पॅड बघावा. पॅड उजवे-डावे उलटे लागले असतील तर मात्र काढून पुन्हा लावू नयेत. शॉक तितकाच चालतो, वेळ फुकट जातो.

लावण्याचीही रीत आहे. पाठचे प्लॅस्टिक एका कोपऱ्यातून ओढायचे, पॅडची एक कड आधी टेकवायची आणि तळहाताने दुसऱ्या कडेपर्यंत दाबत न्यायचे. एकदम थापला तर खाली हवा अडकते. खऱ्या पॅडवर वीजवाहक जेल असते. हवेचे कप्पे राहिले की प्रवाह उरलेल्या कमी जागेतून जातो आणि तिथली त्वचा भाजू शकते.

यंत्र ‘रुग्णाला हात लावू नका’ म्हणते, कारण दाबामुळे आलेखात हालचालीचा गोंगाट मिसळतो आणि विश्लेषण चुकू शकते. इथून घड्याळ खरे महत्त्वाचे. दाब चालू असताना हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांतला दाब लागोपाठच्या अनेक दाबांनी हळूहळू चढतो आणि हात उचलताच झपाट्याने कोसळतो. पुन्हा सुरू केल्यावर तो पहिल्यापासून चढवावा लागतो. विश्लेषण आणि चार्जिंगला लागणारे सेकंद यंत्राचे असतात, त्यांना आपण काही करू शकत नाही. आपले सेकंद त्याच्या आधी आणि नंतर. स्टॉपवॉच शेवटच्या दाबाला सुरू करावे आणि शॉकनंतरच्या पहिल्या दाबाला थांबवावे. तो एक आकडा फळ्यावर लिहिला की पुढच्या फेरीत तो आपोआप खाली येतो.

दाबणाऱ्याने विश्लेषणाच्या वेळी उठून मागे सरकायचे नाही. गुडघे तिथेच, पण रुग्णाला न टेकता, आणि हात छातीच्या वर हवेत तयार. यंत्रापाशी असलेला माणूस डोक्यापासून पायापर्यंत नजर फिरवतो, मोठ्याने ‘सगळे दूर’ म्हणतो आणि मगच बटण दाबतो. बटणाकडे बघत ‘सगळे दूर’ म्हणणे म्हणजे काहीच न बघणे. शॉक गेला की लगेच हात छातीवर. नाडी बघायची नाही, ‘जागा झाला का’ म्हणून वाट बघायची नाही. लय परतली तरी हृदय सुरुवातीला फार दुबळे असते, रक्त ढकलण्याइतकी ताकद यायला वेळ लागतो. दोन मिनिटे दाब, मग यंत्र स्वतःच पुन्हा विश्लेषण मागते. त्याच क्षणी दाबणारा बदलावा, कारण दोन मिनिटांत दाब उथळ होऊ लागतो आणि दाबणाऱ्याला स्वतःला ते कळत नाही.

रिमोटवर ‘शॉकची गरज नाही’ हा प्रसंग असतो. तो जरूर घ्यावा, आणि आगाऊ न सांगता. हे वाक्य ऐकले की बहुतेक नवखे हायसे होऊन बसतात किंवा यंत्र बिघडले समजून पॅड काढू लागतात. त्याचा खरा अर्थ इतकाच की आलेखात शॉकने सुधारेल अशी लय दिसली नाही. आलेख सपाट असू शकतो, किंवा विद्युतलहरी नीट दिसूनही स्नायू आकुंचन पावत नसतील. दोन्हीत रुग्ण मेलेल्यासारखाच असतो आणि दाबाशिवाय त्याच्याकडे काही नसते. रुग्ण हालचाल करत नसेल, नीट श्वास घेत नसेल, तर ताबडतोब दाब सुरू. नीट श्वास घेऊ लागला तरी पॅड छातीवरच ठेवावेत आणि यंत्र चालूच ठेवावे.

बाकी अडचणी सरावात एकेक करून मिसळाव्यात. छाती ओली असेल तर टॉवेलने पुसायची, नाहीतर प्रवाह पाण्यातून पॅडपासून पॅडकडे त्वचेवरूनच जातो. दाट केसांमुळे पॅड चिकटत नसेल तरच तेवढी जागा झटपट भादरायची. औषधाचा चिकटपट्टा पॅडच्या जागी असेल तर काढून जागा पुसायची. त्वचेखाली बसवलेल्या पेसमेकर यंत्राचा उंचवटा दिसला तर पॅड त्याच्यावर लावायचा नाही, बाजूला लावायचा. ऑक्सिजनचा मास्क शॉकच्या वेळी छातीपासून निदान एक मीटर दूर. बाई असेल तर ब्रा कापायची किंवा बाजूला करायची, आणि याचा सराव पुतळ्यावर एकदा तरी झालाच पाहिजे. संकोचापोटी हात थबकतात, आणि थबकलेल्या हातांनी पॅड लागत नाहीत. आठ वर्षांखालच्या किंवा २५ किलोपेक्षा हलक्या मुलाला लहान मुलांचे पॅड किंवा यंत्रावरची ती सोय वापरायची. नसेल तर मोठ्यांचे पॅड चालतात. ते एकमेकांना टेकत असतील तर एक छातीच्या मध्यभागी, दुसरा पाठीवर.

सरावाच्या यंत्राचीही देखभाल लागते. त्याचे पॅड पुन्हा पुन्हा वापरायचे असल्याने त्यांवर खरे जेल नसते, साधा चिकट थर असतो. धूळ, शर्टाचे धागे आणि निर्जंतुक करणाऱ्या द्रवाचा ओलावा त्याला मारतात. पुतळ्याची छाती पुसल्यावर पूर्ण सुकू द्यावी, पॅड वापरून झाले की लगेच पाठच्या प्लॅस्टिकवर परत लावावेत. पॅड निसटू लागले की बदलावेत, कारण ‘पुतळ्याचा पॅड असा निसटतोच’ अशी सवय लागली की खरा पॅडही कुणी दाबून बसवत नाही. बराच काळ वापर नसेल तर सेल काढून ठेवावेत, नाहीतर ते पाझरून आतले संपर्क गंजतात. जमल्यास सरावाचे मॉडेल इमारतीत लावलेल्या खऱ्या एईडीच्याच कंपनीचे आणि सूचना त्याच भाषेतल्या असाव्यात.

शिकलेले हात तीन ते सहा महिन्यांत विसरू लागतात. प्रमाणपत्र दोन वर्षांचे असले तरी दर काही महिन्यांनी दहा मिनिटांची एक फेरी, वर्षातून एका लांबलचक दिवसापेक्षा जास्त कामाची. खऱ्या एईडीवर मात्र सराव कधीच करू नये. त्याचे पॅड एकदाच वापरायचे असतात, बॅटरी खर्च होते आणि शॉक खराच असतो. उलट, सरावाचे यंत्र भिंतीवरच्या पेटीत चुकून परत ठेवले गेले तर संकटाच्या वेळी ते तितक्याच शांत आवाजात ‘शॉक दिला’ म्हणेल आणि छातीत काहीही जाणार नाही. म्हणून त्याच्यावर ‘फक्त सरावासाठी’ ही मोठी, वेगळ्या रंगाची चिठ्ठी लावावी, ते स्वतंत्र कुलुपात ठेवावे, आणि वर्ग संपल्यावर दोन्ही यंत्रे आपापल्या जागी आहेत का आणि खऱ्या यंत्राचा तयारीदर्शक दिवा ‘तयार’ दाखवतो का, हे एकाने जाऊन बघावे.