टेक्ससचा झेंडा: ‘खास सवलती’चा खुलासा

‘टेक्सस आधी स्वतंत्र देश होता, म्हणून राष्ट्रध्वजाच्या बरोबरीने झेंडा फडकवण्याचा हक्क अमेरिकेत फक्त त्यालाच आहे, तसं करारातच लिहिलंय.’ हे वर्षानुवर्षं सांगितलं जातं. पहिला भाग खरा, पुढचं सगळं बिनबुडाचं.

मुळात टेक्ससचं अमेरिकेत विलीनीकरण करारानं झालंच नाही. १८४४चा करार सिनेटनं फेटाळला. १८४५मध्ये काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकी संसदेनं, संयुक्त ठराव केला आणि त्यात झेंड्याच्या उंचीबद्दल अवाक्षर नाही. गंमत म्हणजे, टेक्ससमधून आणखी चार राज्यं काढता येतील, अशी तरतूद मात्र त्यात आहे!

अमेरिकेची ध्वजसंहिता सगळ्याच राज्यांना एक न्याय लावते. एकाच दोरीवर असतील तर राष्ट्रध्वज वर. शेजारशेजारच्या काठ्यांवर समान उंची चालते. राष्ट्रध्वज मात्र त्याच्या स्वतःच्या उजवीकडे, म्हणजे समोरून बघणाऱ्याच्या डावीकडे हवा. चढवायचा आधी, उतरवायचा शेवटी.

टेक्ससचा झेंडा आणि मुद्रा (अधिकृत शिक्का) दोन्ही २५ जानेवारी १८३९च्या कायद्यातले. मुद्रेत एकच तारा, भोवती ऑलिव्ह आणि ओकच्या फांद्या. टेक्सस अमेरिकेचं राज्य झाल्यावर मुद्रेवरचं ‘प्रजासत्ताक’ जाऊन ‘राज्य’ आलं. झेंड्यात डावीकडे पांढरा तारा असलेला उभा निळा पट्टा, उजवीकडे वर पांढरा आणि खाली लाल आडवा पट्टा. झेंड्याचं रुंदी-लांबीचं प्रमाण २:३, निळा पट्टा लांबीच्या एक तृतीयांश. ताऱ्याच्या पाच टोकांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास पट्ट्याच्या रुंदीच्या तीन चतुर्थांश. म्हणजे ३ फूट लांब झेंड्यात ९ इंच.

खरी चूक होते ती झेंडा भिंतीवर उभा लावताना. निळा वर, पांढरा बघणाऱ्याच्या डावीकडे हवा. नुसता फिरवून टांगला की लाल डावीकडे येतो. झेंडा पलटावाच लागतो.