हिंदी चित्रपटातील अस्मितासंघर्ष व मनोविकार

माणसाला स्वतःविषयी वाटणारी ओळख आणि घराने किंवा समाजाने त्याच्याकडून अपेक्षिलेले रूप यांच्यातील ताण म्हणजे अस्मितासंघर्ष. हा स्वतः मनोविकार नव्हे; हिंदी चित्रपटाने मात्र तो बहुधा एका देहात दोन व्यक्ती कल्पून रंगवला आहे. ‘रात और दिन’ (1967) मधील विवाहित वरुणा रात्री पेगी या नावाने वावरते. या भूमिकेसाठी नर्गिस यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पहिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चाळीस वर्षांनी आलेल्या ‘भूलभुलैया’त अवनी स्वतःला मंजुलिका नावाची नर्तकी समजू लागते आणि मनोविकारतज्ज्ञ तिच्या सूडाचा बनावट प्रसंग घडवून तिला बरे करतो. निदान वैद्यकाचे, उपचार मात्र मांत्रिकाच्या वळणाचा, अशी ही विचित्र सांगड आहे.

असित सेन यांचा ‘खामोशी’ अधिक कठोर आहे. रुग्ण बरा व्हावा म्हणून परिचारिका राधेला (वहिदा रेहमान) प्रेमाचे नाटक करायला लावले जाते. पुढे नाटक कोणते आणि खरे कोणते हे तिचे तिलाच उमगेनासे होऊन ती त्याच रुग्णालयात रुग्ण म्हणून दाखल होते. प्रेम हेच औषध मानणाऱ्या कथांनी त्याची किंमत इतक्या स्पष्टपणे क्वचितच दाखवली आहे.

पडद्यावरचे वेड्यांचे इस्पितळ एक तर विनोदासाठी असते, नाहीतर नको असलेल्या माणसाला कोंडण्यासाठी. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील मराठी प्रेक्षकाला हे चित्र परके वाटण्याचे कारण नाही, कारण मानसिक आरोग्यशाळा त्याच्याच शहरात आहे. 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्वाल्हेर, आग्रा व रांची येथील मनोरुग्णालयांवरील देखरेख राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे सोपवली होती. चित्रपटांत शिक्षेसारखा दिला जाणारा विजेचा शॉक भूल न देता देण्यास 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनाई केली आहे.

आजाराचे नाव न घेता हा संघर्ष दाखवणारे चित्रपट थोडे. ‘तमाशा’तील (2015) नोकरदार वेद त्यांपैकी एक. त्याच्या कितीतरी आधी, 1980 मध्ये, मणी कौल यांनी गजानन माधव मुक्तिबोध यांच्या लेखनावरून ‘सतह से उठता आदमी’ केला. तत्कालीन ग्वाल्हेर संस्थानातील श्योपूर येथे मराठी घरात जन्मलेल्या मुक्तिबोधांनी हिंदीत लिहिले, तर त्यांचे बंधू शरच्चंद्र मराठीत. पोटापाण्याची नोकरी आणि सदसद्विवेक यांत फाटलेला सुशिक्षित निम्नमध्यमवर्गीय माणूस या चित्रपटात आहे आणि त्याच्या तुटलेपणाचे मूळ त्याच्या मेंदूत नव्हे, तर त्याच्या परिस्थितीत शोधले आहे.